साडेतीन कोरमधला अर्धा कोर

इलेक्ट्रिकच्या होलसेल दुकानात थोडा वेळ उभं राहिलं, की एक मागणी हमखास कानावर पडते : "साडेतीन कोर, एकशेवीस स्क्वेअर, आर्मर्ड, ऐंशी मीटर काढा." साडेतीन मुहूर्त आणि साडेतीन शक्तिपीठं मानणाऱ्या मुलखात या आकड्याचं कुणाला नवल वाटत नाही. पण अशा केबलचा कापलेला तुकडा हातात घेऊन त्याचं तोंड बघा. लाल, पिवळ्या आणि निळ्या आवरणातले तीन जाड, त्रिकोणी अंगाचे अ‍ॅल्युमिनियमचे कोर, आणि त्यांच्यात अंग चोरून बसलेला चौथा, काळा, बारीक. तीन जाड कोर म्हणजे आर, वाय आणि बी हे तीन फेज, आणि हा चौथा म्हणजे न्यूट्रल. १२० चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये तो ७० चा असतो, ९५ च्या केबलमध्ये ५० चा, २४० च्या केबलमध्ये १२० चा. अगदी निम्मा नसला तरी त्याच्या आसपास. म्हणून बाजारात त्याला 'अर्धा' म्हणतात.

आता घरातल्या प्लगकडे बघा. तिथे येणारी फेजची तार आणि न्यूट्रलची तार सारख्याच जाडीची असते. फेजमधून जितका करंट आत येतो तितकाच न्यूट्रलमधून परत जातो, तेव्हा हे रास्तच आहे. मग तीन फेजचा परतीचा करंट एकाच तारेतून न्यायचा तर ती तिप्पट जाड हवी. प्रत्यक्षात मात्र ती अर्धी आहे. दुसरीकडे, संगणकांनी भरलेल्या इमारतींसाठी असे ट्रान्सफॉर्मर बनवले जातात, ज्यांचा न्यूट्रल फेजच्या दुप्पट क्षमतेचा असतो. अर्धा खरा की दुप्पट खरा, हे त्या तारेतून नक्की काय वाहतं यावर ठरतं.

तीन दोर आणि एक कडं

लोखंडाचं एक कडं घ्या आणि त्याला तीन दोर बांधा. तीन माणसं तीन दिशांना, एकमेकांपासून सारख्या अंतरावर उभी राहून, सारख्याच जोराने दोर ओढताहेत. कडं जागचं हलत नाही. तिघंही घाम गाळताहेत, पण कड्याला धरून ठेवायला चौथ्या माणसाची गरज नाही. एकाने जोर वाढवला, की कडं त्याच्याकडे सरकू लागतं. ते जागेवर ठेवायचं तर चौथा दोर लागतो, आणि त्याने तिघांच्या जोराची बेरीज नव्हे, फक्त उरलेला फरक सांभाळायचा असतो. थ्री फेजमध्ये न्यूट्रलचं काम हेच आहे.

आकड्यांत पाहू. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, म्हणजे एका हेलकाव्याला २० मिलिसेकंद लागतात. तीन फेजचे हेलकावे एकाच वेळी होत नाहीत. प्रत्येक फेज आधीच्या फेजच्या मागे एक तृतीयांश हेलकावा, म्हणजे ६.६७ मिलिसेकंद, असतो. त्यामुळे आर फेजचा करंट शिखरावर १०० अँपिअर असताना वाय आणि बी या दोन्ही फेजमधला करंट उलट दिशेने ५०-५० अँपिअर असतो. १०० वजा ५० वजा ५०, बेरीज शून्य. कोणत्याही क्षणी बेरीज करा, शून्यच येईल. एका फेजचा परतीचा करंट उरलेल्या दोन फेजमधून निघून जातो, न्यूट्रलच्या वाट्याला काही येत नाही.

याचा पुरावा रस्त्यावरच आहे. ११ हजार व्होल्टच्या लाइनच्या खांबावर वर पाहिलंत तर विजेच्या तारा तीनच दिसतील. डीपीच्या, म्हणजे वस्तीजवळच्या ट्रान्सफॉर्मरच्या, पलीकडे घरांकडे जाणाऱ्या लाइनवर मात्र चार किंवा पाच असतात : तीन फेज, एक न्यूट्रल आणि असलीच तर रस्त्यावरच्या दिव्यांची एक.

थ्री फेज पद्धतीचं मूळ आकर्षणच तारेच्या बचतीत होतं. मिखाइल डोलिवो-डोब्रोवोल्स्की हा बर्लिनच्या एईजी कंपनीतला इंजिनिअर. १८८९ मध्ये त्याने थ्री फेजवर चालणारी मोटर पुढे आणली आणि १८९१ मध्ये लाउफेनहून फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनापर्यंत १७५ किलोमीटर वीज नेऊन दाखवण्यात त्याचा मोठा वाटा होता. तीन स्वतंत्र मंडलांना सहा तारा लागल्या असत्या, तिथे तीन पुरल्या. न्यूट्रल अर्धा ठेवणं हे त्याच काटकसरीचं पुढचं पाऊल. कारखान्यातला बहुतेक भार थ्री फेज मोटरांचा, आणि मोटर तिन्ही फेज सारखेच ओढते. न्यूट्रलवर येणार ते दिव्यांचं आणि पंख्यांचं किरकोळ असंतुलन. तेवढ्यासाठी पूर्ण जाडीचा धातू कशाला घालवायचा? त्या काळात हा हिशेब चोख होता.

गावठाणातली डीपी

शेतीची डीपी आणि गावठाणातली डीपी बाहेरून सारखीच दिसते. पण शेतीच्या डीपीवर विहिरीवरच्या मोटरांचा भार असतो, तिथे न्यूट्रल जवळपास रिकामा बसलेला असतो. गावठाणात घरं. घर सिंगल फेजवर चालतं. नवीन कनेक्शन देताना सोयीची पडेल ती तार धरली जाते, आणि काही वर्षांत एक फेज भरून वाहतो, दुसरा निम्मा रिकामा राहतो. त्यात उत्सवाच्या दिवसांत मांडवाच्या सगळ्या माळा आणि हॅलोजन एकाच फेजवर चढले की विचारायलाच नको.

समजा, १०० केव्हीएची डीपी आहे. तिच्या घरांकडच्या बाजूला ४३३ व्होल्ट धरले तर प्रत्येक फेजची क्षमता १३३ अँपिअर येते. एका संध्याकाळी आर फेजवर १००, वाय वर ६० आणि बी वर ४० अँपिअर भार आहे. न्यूट्रलमधून किती जाईल? प्रत्येक आकड्याचा वर्ग करून तिन्हींची बेरीज करायची : १५,२००. मग दोन-दोन आकड्यांचे गुणाकार करून त्यांची बेरीज : १२,४००. पहिल्यातून दुसरी वजा करून वर्गमूळ काढलं की सुमारे ५३ अँपिअर.

हेच सूत्र टोकाला नेऊन बघा. एकाच फेजवर १०० अँपिअर आणि बाकी दोन रिकामे, तर न्यूट्रलमध्ये १००. दोन फेजवर १००-१०० आणि तिसरा रिकामा, तरीही १००. तिन्हीकडे सारख्या जातीचा, साधा भार असेल, तर न्यूट्रलचा करंट सर्वांत भरलेल्या फेजच्या पलीकडे कधीच जात नाही. फेजइतका जाड न्यूट्रल टाकला, की या हिशेबापुरती काळजी मिटली.

बारीक न्यूट्रल जळला नाही तरी त्रास देतोच. ओव्हरहेड लाइनच्या तारांना ब्रिटिश पद्धतीची प्राण्यांची नावं आहेत : डॉग, रॅबिट, विझल, स्क्विरल. स्क्विरल ही त्यांतली बारीक. एक किलोमीटर स्क्विरलचा रोध सुमारे १.३९ ओहम. डीपीपासून ३०० मीटरवर सगळा भार आहे आणि न्यूट्रल स्क्विरलचा आहे असं धरू. ५३ अँपिअर त्यातून गेले की तारेच्या टोकाला २२ व्होल्टचा फरक पडतो. न्यूट्रल शून्यावर राहतच नाही, जास्त भाराच्या फेजकडे सरकतो. आर फेजवरच्या घरांना न्यूट्रलपायीच सुमारे २१ व्होल्ट कमी मिळतात, फेजच्या तारेत पडलेली घट वेगळी. बी फेजवरच्या घरांना उलट १६-१७ व्होल्ट जास्त. एका आळीत ट्यूब फुरफुरते आहे आणि पलीकडच्या आळीत बल्ब लवकर उडताहेत, अशी तक्रार आली की अनुभवी वायरमन आधी न्यूट्रलकडे बघतो.

न्यूट्रल तुटला तर

फेजची तार तुटली की वीज जाते, एवढंच. न्यूट्रल तुटला की वीज जात नाही, बिथरते. समजा, आर फेजवरच्या घरात २,००० वॅटचा गिझर चालू आहे आणि वाय फेजवरच्या घरात १०० वॅटचा टीव्ही. डीपीजवळ न्यूट्रल तुटला. आता गिझर आणि टीव्ही एका माळेत आले, आणि त्या माळेच्या दोन टोकांना दोन फेजमधले ४०० व्होल्ट. गिझरचा रोध साधारण २६ ओहम, टीव्हीचा सोयीसाठी तसाच काढला तर ५२९ ओहम. व्होल्टेज रोधाच्या प्रमाणात वाटलं जातं : गिझरला जेमतेम १९ व्होल्ट, टीव्हीला ३८१. ज्याने कमी वीज वापरली त्याचंच जळतं. लोक याला 'डबल फेज आला' म्हणतात, आणि ते फारसं चुकीचंही नाही.

म्हणूनच न्यूट्रलमध्ये सुटा फ्यूज किंवा सुटा स्विच टाकायचा नाही, हा १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासूनचा दंडक. तोडायचा झाला तर तिन्ही फेजच्या जोडीने, एका दांड्यावर. त्याचा एक परिणाम मात्र ध्यानात येत नाही. फेजमधून जास्त करंट गेला की फ्यूज उडतो किंवा ब्रेकर पडतो. न्यूट्रलवर पहारा देणारं सहसा कुणीच नसतं. तिन्ही फेज मर्यादेत असताना न्यूट्रल तापत राहिला तर पॅनेलमध्ये काहीच पडत नाही. न्यूट्रलला वाचवणारी गोष्ट एकच : त्याची जाडी. माझ्या मते न्यूट्रलच्या मापाबद्दल हात आखडता न घेण्याचं सगळ्यात सबळ कारण हे आहे, आणि केबलच्या भावांची तुलना करणाऱ्या कागदावर ते कुठेच नसतं.

डीपीचा न्यूट्रल दोन वेगवेगळ्या ठिकाणी जमिनीत अर्थ केलेला असतो, मग तुटल्यावर जमीन काम करणार नाही का? नाही. घरामागच्या अर्थिंगचा रोध ५ ओहम धरला तरी २३० व्होल्टखाली त्यातून ४६ अँपिअर जातील, आणि तेव्हा सगळे २३० व्होल्ट त्या मातीतच खर्च झालेले असतील. अर्थिंग सुरक्षेसाठी आहे, रोजचा करंट वाहण्यासाठी नाही.

बल्ब गेले, चार्जर आले

इथपर्यंत सगळा हिशेब साध्या भाराचा होता. साधा बल्ब, हीटर किंवा मोटर व्होल्टेजच्या हेलकाव्याबरोबर गुळगुळीत हेलकावणारा करंट घेते. एलईडीचा ड्रायव्हर, मोबाइलचा चार्जर, संगणकाचा पॉवर सप्लाय यांचं तसं नसतं. त्यांच्या आत आधी एसीचं डीसी होतं आणि एक कपॅसिटर ते साठवतो. कपॅसिटरमधल्या व्होल्टेजपेक्षा बाहेरचं व्होल्टेज वर गेलं तरच करंट आत शिरतो. म्हणजे हेलकाव्याच्या शिखरापाशी क्षणभर भसकन करंट, आणि उरलेला वेळ काही नाही.

अशा तुटक करंटची फोड केली तर त्यात ५० हर्ट्झच्या मुख्य लाटेबरोबर १५०, २५०, ३५० हर्ट्झच्या लाटा मिसळलेल्या निघतात. त्यांना हार्मोनिक म्हणतात. १५० हर्ट्झची ती तिसरी हार्मोनिक, आणि न्यूट्रलच्या गोष्टीतली खलनायिका हीच.

कारण सोपं आहे. फेज एकमेकांच्या मागे ६.६७ मिलिसेकंद असतात, हे आपण पाहिलं. १५० हर्ट्झच्या एका लाटेला किती वेळ लागतो? २० भागिले ३, म्हणजे नेमके ६.६७ मिलिसेकंद. वाय फेजमधली तिसरी हार्मोनिक आर फेजच्या मागे असते ती बरोबर एका पूर्ण लाटेने. एक पूर्ण लाट मागे असणं म्हणजे पावलाला पाऊल जुळवून चालणं. बी फेजचंही तेच. तिन्ही फेजमधल्या १५० हर्ट्झच्या लाटा एकाच वेळी चढतात आणि एकाच वेळी उतरतात. तिघेही कडं एकाच दिशेला ओढू लागले. आता वजाबाकी नाही, बेरीज. प्रत्येक फेजमध्ये तिसरी हार्मोनिक २० अँपिअर असेल तर न्यूट्रलमध्ये ६०.

यातली अडचणीची बाब अशी, की भार तिन्ही फेजवर कितीही काटेकोर वाटला तरी हा करंट कमी होत नाही. गावठाणातलं असंतुलन वायरमन दोन-चार कनेक्शनं इकडून तिकडे करून दुरुस्त करू शकतो. इथे समतोल पूर्ण असूनही न्यूट्रल भरलेला.

वरची मर्यादाही काढता येते. करंटचे झटके इतके आखूड असतील की एका फेजचा झटका दुसऱ्यावर चढतच नाही, तर न्यूट्रलमध्ये तिन्ही फेजचे झटके एकामागोमाग येतात. तीन पट झटके म्हणजे तीन पट उष्णता. उष्णता करंटच्या वर्गावर अवलंबून असल्याने करंट तीनच्या वर्गमुळाइतका, म्हणजे फेजच्या १.७३ पट होतो. बाजारातला 'दोनशे टक्के न्यूट्रल' इथून आला. १.७३ ला वरच्या पूर्ण आकड्यावर नेलं, एवढंच.

हे कागदावरचं भय नव्हे. १९९० मध्ये टॉमस ग्रुझ यांनी अमेरिकेतल्या १४६ संगणक केंद्रांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा पाचांतल्या एकाहून अधिक ठिकाणी न्यूट्रलचा करंट फेजपेक्षा जास्त निघाला होता. सगळ्याच इलेक्ट्रॉनिक उपकरणांना मात्र एका मापाने मोजू नये. कारखान्यातले मोठे थ्री फेज ड्राइव्ह न्यूट्रलला जोडलेलेच नसतात, ते पाचवी आणि सातवी हार्मोनिक देतात, न्यूट्रलमध्ये तिसरी सोडत नाहीत. मोठ्या एसीत आणि चांगल्या संगणकांत करंट सुधारणारं सर्किट बसवलेलं असतं. पीडा येते ती स्वस्त, लहान आणि संख्येने भरपूर असलेल्या सिंगल फेज उपकरणांची.

चौकट : न्यूट्रल किती जाड?

आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३६४ मधला केबलनिवडीचा हिशेब. फेजच्या करंटमध्ये तिसऱ्या हार्मोनिकचा वाटा :
१५ टक्क्यांपर्यंत – केबल फेजच्या करंटवरून निवडा. अर्धा न्यूट्रल चालू शकतो, पण फेजची तार तांब्याची १६ किंवा अ‍ॅल्युमिनियमची २५ चौ. मिमी पेक्षा मोठी हवी आणि न्यूट्रलच्या जादा करंटवर पहारा हवा.
१५ ते ३३ टक्के – न्यूट्रल फेजइतका. फेजचा करंट ०.८६ ने भागून येणाऱ्या आकड्यासाठी केबल निवडा.
३३ ते ४५ टक्के – न्यूट्रलचा करंट काढा, ०.८६ ने भागा, त्यावरून केबल.
४५ टक्क्यांच्या वर – न्यूट्रलच्या करंटवरूनच केबल.
न्यूट्रलचा करंट = फेजचा करंट × तिसऱ्या हार्मोनिकचा वाटा × ३

एका केबलचा हिशेब

एका कार्यालयाच्या मजल्यावर प्रत्येक फेजला १५० अँपिअर भार आहे, त्यात तिसरी हार्मोनिक ४० टक्के. न्यूट्रलमधून १५० गुणिले ०.४ गुणिले ३, म्हणजे १८० अँपिअर जाणार. सवयीने साडेतीन कोर १२० ची केबल टाकली तर हे १८० अँपिअर ७० चौ. मिमी मधून जातील.

केबलच्या एका मीटरमध्ये निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाला जाडीने भागल्यावर येणाऱ्या आकड्याच्या प्रमाणात असते. फेजसाठी हा आकडा १८८ च्या आसपास येतो, न्यूट्रलसाठी ४६३. एकटा बारीक कोर एका जाड कोरच्या अडीच पट तापतो. केबलचे तक्ते तीनच कोर तापतात असं धरून बनवलेले असतात. इथे एकूण उष्णता त्या अपेक्षेच्या सुमारे १.८ पट झाली, आणि ती सगळी एकाच आवरणाखाली. चौकटीतला ०.८६ हा भागाकार या चौथ्या तापणाऱ्या कोरसाठीच आहे. १८० ला ०.८६ ने भागलं की २०९ येतात. केबलचा तक्ता उघडायचा तो १५० साठी नव्हे, २०९ अँपिअरसाठी, आणि घ्यायची ती पूर्ण चार कोरची.

ट्रान्सफॉर्मरच्या पोटात

केबल मोठी केली म्हणजे काम संपलं असं नाही. आपल्याकडच्या डीपीत ११ हजार व्होल्टच्या बाजूचं वायंडिंग डेल्टा, म्हणजे बंद त्रिकोणात, आणि घरांकडचं स्टार, म्हणजे मधल्या बिंदूतून न्यूट्रल काढलेलं, असतं. न्यूट्रलमधून परत आलेली तिसरी हार्मोनिक पलीकडच्या त्रिकोणात पोचते आणि तिथेच गरगरत राहते. ११ हजारांच्या लाइनचं त्यामुळे भलं होतं, पण ट्रान्सफॉर्मर आतून तापतो. शिवाय वायंडिंगमधल्या भोवऱ्यासारख्या करंटचं नुकसान वारंवारितेच्या वर्गाने वाढतं, १५० हर्ट्झच्या करंटला ते नऊ पट. केव्हीए पाटीवरच्या आकड्याच्या आत असूनही ट्रान्सफॉर्मर गरम का, याचं उत्तर अनेकदा इथे मिळतं. के-१३, के-२० अशा नावाचे ट्रान्सफॉर्मर या कामासाठीच बनवतात, त्यांच्या वायंडिंगची रचना वेगळी असते आणि न्यूट्रलचं टर्मिनल दुप्पट. ट्रान्सफॉर्मरचं बुशिंग, पॅनेलचा न्यूट्रल बसबार, केबलचा कोर आणि त्याचा लग, यांतली एकही कडी बारीक राहिली तर बाकीच्यांवरचा खर्च वाया जातो. जुन्या पॅनेलमध्ये फेजचे बसबार रुंद आणि न्यूट्रलची पट्टी निम्मी, हे दृश्य अजून सर्रास दिसतं.

आहे त्या इमारतीत

नवीन काम असेल तर निर्णय सोपा. कार्यालय, रुग्णालय, शाळा, दुकानांचं संकुल किंवा राहती सोसायटी यांच्या मुख्य केबलसाठी चार कोर मागवावी आणि अर्धा कोर पंपहाउस, मोटरा यांच्यापुरता ठेवावा. साडेतीन आणि चार कोरच्या किमतीतला फरक एकूण विद्युतकामाच्या खर्चात किरकोळ असतो.

केबल आधीच भिंतीत आणि चरात गेली असेल तर मोजण्यापासून सुरुवात. टोंग टेस्टर न्यूट्रलभोवती लावायचा, पण तो 'ट्रू आरएमएस' लिहिलेला हवा. साधा टेस्टर करंटची लाट गुळगुळीत आहे असं गृहीत धरतो आणि झटक्यांचा करंट बराच कमी दाखवतो, म्हणजे नेमका जिथे धोका तिथे दिलासा देतो. मोजायचं तेही भर कामाच्या वेळी. बऱ्याच टेस्टरमध्ये करंटची वारंवारिता दाखवायची सोय असते, ती न्यूट्रलवर वापरून बघावी. ५० हर्ट्झ दिसले तर मुख्यतः असंतुलन आहे, वायरमनला बोलावून कनेक्शनं तिन्ही फेजवर वाटून घ्यावीत. १५० दिसले तर त्या वाटपाने काही साधणार नाही. न्यूट्रलला समांतर दुसरी तार टाकता येईल का हे तज्ज्ञाकडून तपासून घ्यावं, किंवा तिसरी हार्मोनिक भाराजवळच वळवणारा झिगझॅग ट्रान्सफॉर्मर वा फिल्टर बसवावा. तोवर त्या केबलवर नवा भार चढवू नये, आणि न्यूट्रलचे लग दर काही महिन्यांनी, वीज बंद करून, आवळून घ्यावेत.